कॅराव्हॅन घेण्याआधी आम्ही काय काय मोजलं

ऑगस्ट २०२३. वेल्समधल्या गॉवरला आम्ही तंबू ठोकून तीन रात्री राहिलो, आणि त्यातल्या दोन रात्री सासूबाईंनी गाडीच्या पुढच्या सीटवर बसून काढल्या. मी त्यांना आईच म्हणते. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, जमिनीवरच्या गादीवरून त्यांना उठताच येईना. रात्री बाथरूमला जायचं तर टॉर्च धरून ओल्या गवतातून दीडशे पावलं. त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. सप्टेंबरात सांगलीला परत निघताना विमानतळावर एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्ही चौघं जाऊन या गं, मी घर सांभाळते."

ते वाक्य मला आणि नवऱ्याला फार लागलं. आई सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात आणि त्यातला चांगला हवेचा काळ जेमतेम अडीच महिन्यांचा. शाळेच्या सुट्टीत आठवड्याभरासाठी कॉटेज घ्यायचं तर भाडं परवडत नाही. हॉटेलात स्वयंपाकघर नाही, आणि आईंना मधुमेह असल्यामुळे जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. म्हणून कॅराव्हॅन. आम्ही इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो, ओळखीत एकाही मराठी घरात कॅराव्हॅन नव्हती, त्यामुळे सगळं शून्यापासून शिकावं लागलं. त्या चौदा महिन्यांत जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

भारतातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून तिकडे कॅराव्हॅन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्वतःचं इंजिन असलेली, आत पलंग असलेली बस येते. तिला इथे मोटरहोम म्हणतात. इथली कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. तिला इंजिन नसतं, आपल्या गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची. पोचल्यावर ती सोडून ठेवायची आणि गाडी घेऊन फिरायला जायचं. आम्हाला हेच हवं होतं.

ऑक्टोबरमध्ये आम्ही जाहिराती बघत बसलो आणि तीन आठवडे वाया घालवले. कुठली व्हॅन आवडते हा प्रश्न नंतरचा. आपली गाडी किती ओढू शकते हा पहिला. हे आम्हाला शेजारच्या गोवेकर काकांनी सांगितलं. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं पुष्कळ आहेत, आणि काका पूर्वी कामासाठी ट्रेलर ओढायचे. त्यांनी आम्हाला गाडीचं दार उघडायला लावलं आणि चौकटीवरची धातूची पट्टी दाखवली. तिच्यावर चार आकडे असतात. पहिला म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, दुसरा म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडी किती ओढू शकते ते कळतं. खालचे दोन आकडे पुढच्या-मागच्या आसांचे.

पण ओढू शकते आणि ओढावं यात फरक आहे. नवख्या माणसानं आपल्या गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड कॅराव्हॅन घेऊ नये, असा इथल्या जाणकारांचा सल्ला असतो. तो कायदा नाही, पण मागची खोली पुढच्या गाडीला हलवायला लागली तर काय होतं याचे व्हिडिओ मी पाहिले आणि हा आकडा आमच्यासाठी कायदाच झाला. आमची डिझेल इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकी असलेली गाडी, १,६१० किलोची. त्याचे ८५ टक्के म्हणजे १,३६८. या आकड्यानं निम्म्याहून जास्त जाहिराती एका संध्याकाळी बाद झाल्या, आणि मला हायसं वाटलं.

आणखी एक गोष्ट आम्ही त्याच आठवड्यात मोजली, ती म्हणजे गाडीची मागची सीट. चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणसांनी बसणं इथे बेकायदा आहे, म्हणजे पाचही जण गाडीतच हवेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. दोघांनाही बूस्टर सीट लागते. दोन बूस्टरच्या मध्ये आईंना बसवणं शक्यच नव्हतं. आई पुढे, मी मध्ये, असं ठरलं. मी अर्धा तास तशी बसून पाहिलं. जमलं.

लायसन्सचं काम अपेक्षेपेक्षा सोपं निघालं. आम्ही दोघांनी इथली ड्रायव्हिंग टेस्ट २०१६ मध्ये दिली. १ जानेवारी १९९७ नंतर लायसन्स मिळालेल्यांना जड ट्रेलर ओढण्यासाठी पूर्वी वेगळी परीक्षा होती, ती १६ डिसेंबर २०२१ पासून रद्द झाली. आता साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. जुन्या कार्डावर हे छापलेलं नसतं, पण सरकारी संकेतस्थळावर स्वतःची लायसन्सची नोंद उघडली की ट्रेलर ओढण्याचा बीई हा प्रकार तिथे दिसतो. त्याचा प्रिंट काढून ठेवलाय.

व्हॅन उभी कुठे करायची, हा प्रश्न मात्र आम्हाला महिनाभर पुरला. आमची वसाहत नवी आहे, आणि घराच्या कागदपत्रांत बारीक अक्षरात एक अट सापडली: दारात कॅराव्हॅन किंवा बोट उभी करायची नाही. घर घेताना सही केली होती, वाचलं नव्हतं. मग स्टोरेज शोधलं. कासोआ नावाची स्टोरेजवाल्यांची संघटना जागांना सुरक्षेप्रमाणे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी श्रेणी देते, आणि त्यावर विम्याचा हप्ता कमी-जास्त होतो. जवळच्या जागेची प्रतीक्षायादी पाच आठवड्यांची. वर्षाला ५४० पौंड. नोव्हेंबरात नाव घातलं, डिसेंबरच्या शेवटी जागा मिळाली. व्हॅन घ्यायच्या आधी जागा, हा क्रम बदलू नका. विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

जानेवारी २०२४ मध्ये पहिली व्हॅन बघायला गेलो. एका घरगुती मालकाची, ६,५०० पौंडांची, वजनात बसणारी. आत पाऊल टाकलं आणि मुलांनी एकावर एक असलेल्या बंकवर उड्या मारल्या. स्वच्छ, उजेडाची, पडदे नवे. मला ती इतकी आवडली की मी मनात आईंचा देवाचा फोटो कुठे ठेवायचा तेही ठरवून टाकलं. पण एक उग्र वास येत होता, सुगंधी फवाऱ्याचा, आणि त्याखाली दुसरा, पावसाळ्यात बंद कपाटाला येतो तसा. नवऱ्यानं पुढच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात अंगठा दाबला, तर भिंत आत गेली.

ओल मोजायचं छोटं यंत्र आम्ही १८ पौंडांना घेतलं होतं. १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० असेल तर लक्ष ठेवायचं, २० च्या वर असेल तर दुरुस्तीचा विचार. तिथे २८ आलं. दुसऱ्या कोपऱ्यात ३१. कॅराव्हॅनची भिंत म्हणजे बाहेर पातळ पत्रा, आत फोम, लाकडी पट्ट्या आणि प्लाय. सांध्यातलं सील म्हातारं झालं की पाणी हळूहळू आत झिरपतं, आणि बाहेरून काही दिसेपर्यंत आतली लाकडं कुजलेली असतात. दुरुस्तीचा खर्च व्हॅनच्या किमतीजवळ जाऊ शकतो. मालक म्हणाले, हे हिवाळ्यातलं बाष्प आहे. आम्ही आभार मानून निघालो. परतीच्या वाटेवर धाकटा रडला. मलाही वाईट वाटत होतं, पण तो अंगठा दाबला नसता तर काय झालं असतं या विचारानं रात्री झोप लागली नाही. व्हॅन बघायला जाल तेव्हा कपाटांच्या आतले कोपरे, सोफ्यांखालची खोकी, छताच्या खिडकीच्या कडा आणि आंघोळीच्या जागेची जमीन दाबून बघा. पावसानंतर गेलात तर उत्तम.

फेब्रुवारीत बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात कॅराव्हॅनचं मोठं प्रदर्शन भरतं. नव्या व्हॅन आमच्या आवाक्याबाहेरच्या, पण तिकीट काढून गेलो, फक्त आडवं पडून बघायला. दिवसभरात वीसेक व्हॅनमध्ये आम्ही खरोखर झोपलो. नवरा पाच फूट अकरा इंच, त्याचे पाय किती पलंगांबाहेर आले! मी प्रत्येक व्हॅनमध्ये एकच प्रयोग केला. सगळे पलंग मांडलेत असं समजून, डोळे मिटून, पुढच्या सोफ्यावरून संडासापर्यंत चालत जायचं. कुणाच्या अंगावरून जावं लागतं का? धरायला काही आहे का? दाराची पायरी किती उंच? मधोमध मोठा पलंग असलेली रचना दिसायला राजेशाही, पण आईंना रात्री भिंतीला घासत जावं लागलं असतं. ती बाद. शेवटी आमची रचना ठरली: पुढे समोरासमोर दोन लांब सोफे, ज्यांचे दोन स्वतंत्र पलंग राहतात, मागे मुलांसाठी कायमचे दोन बंक, त्यासमोर छोटं टेबल-बाक ज्याचा तिसरा एकेरी पलंग होतो. वरच्या बंकवर सहा वर्षांखालचं मूल झोपवायचं नसतं, म्हणून वर मुलगी, खाली धाकटा. ब्रिस्टलची बेली, हल शहराजवळची स्विफ्ट, काउंटी डरहॅममधली एलडिस, या सगळ्या कंपन्यांकडे अशी रचना मिळते. त्यामुळे आम्ही नाव न बघता फक्त रचना, वजन आणि ओल बघायचं ठरवलं.

९ मार्चला ग्लॉस्टरशरमधल्या एका विक्रेत्याकडे ती सापडली. २०१२ ची, किंमत ८,४००. ओल सगळीकडे १४ टक्क्यांच्या आत. कॅराव्हॅनला सरकारी लॉगबुक, म्हणजे नोंदणीपत्र, नसतं. त्याऐवजी क्रिस नावाची नोंदणी आहे, १९९२ पासूनची. सतरा अंकी क्रमांक चॅसीवर आणि खिडक्यांच्या काचांवर कोरलेला असतो. आम्ही प्रत्येक काच तपासली, मग वीसेक पौंड भरून क्रिसकडून खात्री केली की व्हॅन चोरीची नाही, तिच्यावर कर्ज नाही. टायरवर चार अंकी कोड असतो, आठवडा आणि वर्ष. इथे १६१६ होता, म्हणजे २०१६ चा सोळावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण कॅराव्हॅनचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून जुने होतात. पाच वर्षांनी बदलावेत, सातच्या पुढे वापरू नयेत. विक्रेत्यानं किंमत कमी केली नाही, पण दोन्ही टायर नवे घालून दिले. मला तोच सौदा जास्त आवडला.

गाडीला टो-बार, म्हणजे व्हॅन अडकवायचा बॉल असलेला दांडा, बसवायला ६९० पौंड, आणि अडीच आठवड्यांची वाट. तेरा पिनांचं सॉकेट घ्या, म्हणजे मागचे दिवे, बॅटरीचं चार्जिंग आणि प्रवासातला फ्रिज एकाच केबलवर चालतो. आमच्या व्हॅनच्या हिचमध्ये, म्हणजे त्या बॉलवर बसणाऱ्या तिच्या पुढच्या टोकात, डुलणं रोखणारा स्टॅबिलायझर आहे. त्याचे घर्षण-पॅड बॉलला घट्ट धरतात, म्हणून बॉलवर ग्रीस अजिबात लावायचं नाही.

आता सामान. दुकानात गेलं की सगळंच लागेलसं वाटतं. आम्ही पहिल्या दिवशी फक्त ज्यावाचून रस्त्यावर जाता येत नाही ते घेतलं. गाडीच्या आरशांना लावायचे जादा आरसे, कारण ते नसतील तर दंड आणि लायसन्सवर दंडाचे तीन पॉइंट. मागे लावायला गाडीच्याच नंबरची पिवळी प्लेट, जी बनवून घ्यायला गाडीचं लॉगबुक आणि ओळखपत्र दोन्ही न्यावं लागतं. मी लॉगबुक विसरले आणि दुसरी फेरी पडली. हिचचं कुलूप आणि चाकाचं कुलूप मिळून २१० पौंड, विम्याची अटच ती. विमा वर्षाला २४५. मग चाळीस लिटरचा पाण्याचा पिंप, जो लोळवत नळापासून आणता येतो. सांडपाण्याची टाकी. पंचवीस मीटर केशरी केबल. चाकाखाली द्यायचा उतार. संडासाच्या टाकीचं रसायन. सहा किलोचा प्रोपेनचा लाल सिलिंडर. ब्यूटेनचा निळा स्वस्त वाटतो, पण थंडी शून्याजवळ गेली की तो गॅस देत नाही. प्रोपेन उणे चाळीसलाही चालतो. हे सगळं किरकोळ धरून ३३० पौंड. नवी बॅटरी १०५. दारापुढचा हवा भरायचा मंडप, ज्याला ऑनिंग म्हणतात, जुना घेतला, २२०. त्याचं माप व्हॅनच्या लांबीवर नसतं. दाराच्या बाजूला जमिनीपासून छताच्या कडेच्या रेलवरून फिरून परत जमिनीपर्यंतचा घेर मोजावा लागतो.

आईंसाठी दोन गोष्टी वेगळ्या घेतल्या: रुंद दुहेरी पायरी आणि दाराशी धरायचा दांडा. मला विचाराल तर सगळ्या खरेदीत कामाच्या त्याच.

एप्रिलच्या एका शनिवारी ओढण्याचा कोर्स केला, १९० पौंड. सुटं मैदान, शंकू, आणि अतिशय शांत स्वभावाचे शिक्षक. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, मग हात ज्या दिशेला न्याल त्या दिशेला व्हॅनचं ढुंगण जातं. एवढं एक कळलं आणि माझी भीती निम्मी झाली. वेगमर्यादाही वेगळ्या असतात: मोटरवेवर ६० मैल, साध्या दुपदरी रस्त्यावर ५०, आणि तीन पदरी मोटरवेवर सगळ्यात उजवीकडच्या लेनमध्ये जायचंच नाही. दरवर्षीचा विमा आणि स्टोरेज सोडून, कोर्स धरून एकूण खर्च १०,१४५ पौंडांवर गेला. आम्ही ९,००० ठरवले होते.

पहिली रात्र मुद्दाम जवळ काढली, सायरनसेस्टरजवळच्या एका शेतावर, घरापासून अठरा मैल. कॅराव्हॅनवाल्यांच्या क्लबच्या सदस्यांसाठी अशा पाच-पाच व्हॅनच्या छोट्या जागा देशभर आहेत. काही विसरलं तर परत येता येईल एवढ्या अंतरावर पहिली रात्र काढा. आम्ही काडेपेटी आणि पाण्याच्या पंपाची नळी विसरलो होतो. सकाळी किटली आणि हीटर एकदम लावला आणि वीज गेली. साइटच्या खांबावरून १६ अँपिअर मिळतात, म्हणजे साडेतीन किलोवॅटच्या आसपास, आणि काही ठिकाणी दहाच. आता आमच्याकडे कमी वॅटची किटली आहे. मिक्सर बिनधास्त चालतो, फक्त हीटर बंद करून.

मे महिन्यात आम्ही पूर्ण भरलेली व्हॅन वजनकाट्यावर नेली. बारा पौंड घेतले. आमच्या व्हॅनची कमाल मर्यादा १,३५० किलो, रिकामी १,१९२. म्हणजे सामानाला १५८ किलो. ऐकायला भरपूर. पण व्हॅन जागेवर सरकवणारी मोटर ३२ किलोची, बॅटरी २२, हे आधीच वजा. उरले १०४. काट्यावर आकडा आला १,३८२. मी सुन्न झाले. मर्यादेपेक्षा ३२ किलो जास्त, आणि आम्ही तसेच सायरनसेस्टरला जाऊन आलो होतो.

घरी येऊन न्हाणीघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवली आणि वहीत लिहिली. ऑनिंग २४ किलो, तो गाडीत गेला. पाण्याच्या पिंपात तळाशी राहिलेलं पाणी सहा किलो. बिडाचा तवा अडीच. पाच लिटरचा कुकर काढून तीनचा घेतला. दहा किलो तांदूळ आणि कणकेच्या जागी चार दिवसांचं. डबे-बरण्या गेल्या, मसाले पिशव्यांत आले. जे उरलं ते जड सामान चाकांच्या वर, जमिनीलगत. मग हिचखाली लाकडाचा ठोकळा आणि तोच न्हाणीघरातला काटा ठेवून नाकाचं वजन, म्हणजे हिचवर येणारा भार, घेतलं. ते व्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के असावं, आणि आमच्या गाडीची मर्यादा ८०. आमचं ७४ आलं. दुसऱ्यांदा काट्यावर नेलं तेव्हा १,३२८.

आई जूनच्या शेवटी आल्या. ऑगस्टमध्ये वेल्समधल्या टेनबीजवळ सहा रात्री, रात्रीला ३८ पौंड, जागा मार्चमध्येच धरली होती. सुट्टीतल्या जागा त्याहून उशिरा मिळत नाहीत. सेव्हर्नच्या नव्या पुलावर वारा होता, नवऱ्यानं पन्नासवर चालवली, मी मध्ये बसून दोन्ही मुलांचे हात धरले होते. एरवी तीन तासांचा रस्ता साडेचार तासांत झाला.

आईंनी आत येऊन आधी संडासाचं दार उघडलं, मग बंद केलं, मग सोफ्यावर बसून हातानं गादी दाबून पाहिली. संडासाची टाकी रोज कोण रिकामी करणार हे त्यांनी हळूच मला विचारलं. मुलाला ते काम करावं लागणार म्हणून त्यांना संकोच वाटत होता. नवरा म्हणाला, "आई, चाकाची पेटी आहे, ओढत नेतो आणि धुऊन आणतो, दोन मिनिटांचं काम." तिसऱ्या दिवसापासून त्या विचारायच्या थांबल्या. रोज सकाळी सातला त्या स्वतः उठून दांडा धरून दोन पायऱ्या उतरायच्या आणि ऑनिंगमध्ये खुर्ची टाकून चहा घ्यायच्या. साडेबाराला आमचं जेवण तयार असायचं. समुद्रावर त्या फक्त एकदाच आल्या, वाळूत चालणं जमत नाही म्हणून. बाकी वेळ त्या साइटवरच होत्या, शेजारच्या व्हॅनमधल्या आजींना त्यांनी मेथीचे ठेपले दिले, आणि त्या आजींनी त्यांना विणकामाच्या सुया. दोघींची भाषा एक नव्हती.

नोव्हेंबरात व्हॅन हिवाळ्यासाठी बंद केली. सगळे नळ उघडे, गरम पाण्याची टाकी रिकामी, नाहीतर गोठलेलं पाणी नळ्या फोडतं. फ्रिजचं दार फटीएवढं उघडं, गाद्या भिंतीपासून दूर उभ्या. गॅस बंद, बॅटरी घरी आणून चार्जिंगला. ओलीचं यंत्र पुन्हा सगळ्या कोपऱ्यांत फिरवलं, १५ च्या वर कुठे गेलं नाही. आकडे वहीत लिहिलेत. सर्व्हिसची तारीख १४ मार्च मिळाली आहे, आणि आईंच्या व्हिसाचा अर्ज फेब्रुवारीत भरायचा आहे. त्यांचं छोटं पोळपाट-लाटणं व्हॅनमध्येच राहिलंय, एक किलो शंभर ग्रॅम. ते मी वहीत कायमच्या सामानात धरलंय.